गुलमर्गचा गोंडोला आणि अफरवटचे उतार: ताज्या बर्फाच्या दिवशी किती खरे उतरतात?

गुलमर्गवर मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक एका दिवसाच्या सहलीबद्दल असतं. पायथ्याच्या तंगमर्गला भाड्याचा लांब कोट आणि गमबूट, मग स्लेजवाल्यांशी घासाघीस, गोंडोलाचा (केबल कारचा) पहिला टप्पा, फोटो आणि संध्याकाळी श्रीनगर. हा आढावा त्या सहलीचा नाही. ज्यांना दाबलेल्या बर्फावर दोन्ही बाजूंना नीट वळता येतं, हवं तिथे थांबता येतं, आणि रात्रभर पडलेल्या भुसभुशीत बर्फात पूर्ण दिवस स्कीइंग करायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. त्यांना आमचं उत्तर स्पष्ट आहे: भारतात या कामासाठी गुलमर्गच्या जवळपास येईल असं दुसरं ठिकाण नाही. पण तो दिवस सार्थकी लागायचा तर तो डोंगराच्या वेळापत्रकाने काढावा लागतो, आपल्या नाही.

आधी डोंगराचं माप सांगतो. गुलमर्गचं पठार साधारण २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा, जो १९९८ मध्ये सुरू झाला, कोंगडोरी या मधल्या स्थानकाला सुमारे ३,०८० मीटरवर नेतो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा तिथून अफरवट शिखराच्या खांद्यावर, ३,९५० मीटरच्या आसपास सोडतो. म्हणजे एका उतरणीत जवळजवळ १,३०० मीटर उंची खाली. कळसूबाईला बारी गावातून जेवढं चढावं लागतं, त्याहून ही उतरण बरीच मोठी आहे. उत्तराखंडमधल्या औलीचे उतार वरून ज्या उंचीवर सुरू होतात, साधारण तिथे गुलमर्गचा पहिला टप्पाच संपतो. उंचीतला हा फरक बर्फाच्या प्रतीतही दिसतो, कारण वरच्या टप्प्यावर थंडी टिकते आणि बर्फ दोन-तीन दिवस हलका राहतो.

हा बर्फ येतो पश्चिमी विक्षोभांतून. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारं ओलसर हवेचं वादळ पीर पंजाल पर्वतरांगेला अडतं आणि बरसतं. एकेक वादळ अर्धा मीटर, कधी मीटरभरही बर्फ टाकून जातं. काश्मिरी हिवाळ्याचे चाळीस कडक दिवस, चिल्लई कलान, २१ डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत. पण स्कीइंगसाठी जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ जास्त भरवशाचा, कारण तोपर्यंत खाली तळ साचलेला असतो आणि ताज्या बर्फाखाली दगड-झुडपं लपलेली नसतात. तरी भरवसा म्हणजे हमी नव्हे. जानेवारी २०२४ चा बराचसा काळ गुलमर्ग कोरडं होतं, आणि २०२५ मधल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. म्हणून विमानाची तिकिटं सहा महिने आधी काढणाऱ्यांनी मनाची तयारी ठेवावी. ज्यांना जमतं त्यांनी आठवडाभर आधी हवामानाचा अंदाज पाहून निघावं.

आता मुख्य मुद्दा: दुसरा टप्पा कधी उघडतो. बर्फ पडत असताना तो बंद असतो. बर्फ थांबल्यावरही लगेच उघडत नाही, आणि त्यात कुणाचा आळस नाही. रात्री वाऱ्याने कड्यावरून उडालेला बर्फ आडोशाच्या बाजूला, म्हणजे नेमक्या गोंडोलाच्या मुख्य कटोऱ्याच्या (वाटीसारख्या खोलगट उताराच्या) माथ्यावर, थर करून बसतो. खालच्या थराला तो नीट चिकटलेला नसतो. हिमस्खलन नियंत्रणाचं पथक तो थर स्फोटकांनी मुद्दाम पाडतं, मग उतार तपासतं, आणि त्यानंतरच केबिन वर सोडतात. मोठ्या वादळानंतर याला एक दिवस लागतो, वारा सुरू राहिला तर दोन. पहिल्या सकाळी तिकीटखिडकीसमोर रांगेत वाद घालणारे लोक दिसतात. त्यांनी तो वेळ दुसरीकडे लावला तर दिवस वाया जात नाही.

ती दुसरी जागा म्हणजे झाडी. बर्फ पडत असताना आणि ढग उतरलेले असताना उघड्या उतारावर काहीच दिसत नाही. पांढऱ्यावर पांढरं, चढ की उतार तेही कळत नाही. फर या सूचिपर्णी झाडांच्या काळ्या खोडांमुळे नजरेला आधार मिळतो, शिवाय झाडीत वारा बर्फ खराब करत नाही. पहिल्या टप्प्याने कोंगडोरीला जाऊन खाली गुलमर्गपर्यंतची झाडी ही अशा दिवसाची पहिली पसंती. तिथे दोन-तीन फेऱ्या झाल्या, पाय मोकळे झाले, की बाबा रेशीच्या बाजूची लांब उतरण घ्यावी. ही दर्ग्याच्या वस्तीपाशी संपते, तिथून गाडीने वर यावं लागतं. गाडी आधी ठरवून ठेवा, नाहीतर ओल्या कपड्यांनी रस्त्याकडेला उभं राहावं लागेल. द्रंगच्या बाजूची उतरण याहून लांब, पण खाली नाले येतात आणि वाट चुकली की घळीत अडकायला होतं. तिथे स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ नये. झाडीत नेहमी जोडीने राहा, एकमेकांना हाक पोचेल इतक्या अंतरावर. फरच्या खाली फांद्यांच्या आडोशाने पोकळ खड्डा राहतो. त्यात डोक्यावर पडलेला माणूस एकट्याने बाहेर येऊ शकत नाही.

दुसरा टप्पा उघडला की पहिल्या फेरीची किंमत सगळ्यांत जास्त. सहा माणसांची केबिन, आणि पर्यटकांचीही गर्दी त्याच खिडकीवर. त्यामुळे आदल्या संध्याकाळी दोन गोष्टी करून ठेवाव्यात: स्कीअरचा पास काढणं (दिवसाचे आणि त्याहून लांब मुदतीचे असतात, पर्यटकांच्या ऑनलाइन तिकिटाशी त्यांची गल्लत करू नका) आणि सकाळी लिफ्ट किती वाजता सोडणार हे खिडकीवर विचारणं. रुंद स्की केबिनच्या बाहेरच्या खाचेत बसल्या नाहीत तर आत धराव्या लागतात. तेव्हा पट्ट्याने दोन्ही एकत्र बांधून घ्या, कडांनी शेजाऱ्याचं जॅकेट फाटतं. कोंगडोरीपर्यंत सुमारे नऊ मिनिटं, पुढचा टप्पा बारा. त्या बारा मिनिटांत हेल्मेटचा पट्टा, गॉगल, बूट सगळं तयार करावं. वरच्या स्थानकाबाहेर वारा असतो, आणि हातमोजे काढून बकल लावायची ती जागा नव्हे.

वर पोचल्यावर समोरचा मुख्य कटोरा हा नियंत्रित भाग. वाक्य छोटं आहे, पण गुलमर्गला जाणाऱ्या प्रत्येकाने ते पाठ करावं. कड्याने डावी-उजवीकडे चालत गेलं की दिसणारे अस्पर्श उतार, शीनमाई, हापतखुद आणि पुढचे, हे अनियंत्रित आहेत. तिथे कुणी स्फोटकं टाकलेली नसतात, दोर नसतो, शेवटची फेरी तपासायला कुणी येत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये हापतखुदच्या बाजूला झालेल्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये खिलनमर्गला एक रशियन स्कीअर. दोन्ही वेळा माणसं अनुभवी मुलखातून आलेली होती. कड्याच्या मागे उतरायचं तर मनातही आणू नका. तिकडे नियंत्रण रेषेची दिशा आहे आणि लष्कराची बंधनं आहेत.

हिमस्खलनाचं गणित थोडक्यात असं. बहुतेक स्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, म्हणजे नेमक्या त्याच उतारावर जिथे भुसभुशीत बर्फाची (पावडरची) मजा येते. मोठ्या बर्फानंतरचे पहिले २४ ते ४८ तास सगळ्यांत वाईट, आणि लख्ख ऊन पडलेली पहिली सकाळ सगळ्यांत फसवी. गुलमर्गमध्ये हंगामात हिमस्खलनाचा दैनिक इशारा निघतो. एक ते पाच या श्रेणीत तीन हा आकडा ‘मध्यम, चालेल’ असा वाचणारे बरेच असतात. तसं नाही. तीनला माणसाच्या वजनाने उतार सुटू शकतो, आणि जगभर बरेचसे मृत्यू याच श्रेणीच्या दिवशी होतात, कारण चारला लोक घरी बसतात. नियंत्रित भागाबाहेर जायचं तर प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग लावणारं रेडिओ यंत्र), पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून शोधायची घडीची काठी) आणि धातूचं फावडं हवं. प्लॅस्टिकचं फावडं घट्ट झालेल्या स्खलनात मोडतं. ट्रान्सीव्हर जॅकेटच्या आत, अंगालगत बांधावा, आणि मोबाइल त्यापासून निदान २० सेंटिमीटर दूर. शोधताना ५० सेंटिमीटर. गाडलेल्या माणसाच्या वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. म्हणजे वाचवणारे तुमचे सोबतीच असतात, खालून येणारं पथक नाही. हे साहित्य भाड्याने मिळतं, पण सराव भाड्याने मिळत नाही. पठारावर एक ट्रान्सीव्हर पिशवीत घालून पुरा आणि दोघांनी मिळून शोधायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. एक दुपार पुरते.

भाड्याच्या साहित्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण गुलमर्गचा सगळ्यांत कच्चा दुवा हाच आहे. बाजारात चांगली दुकानंही आहेत आणि वीस वर्षं जुना माल रंग देऊन ठेवणारीही. ताज्या बर्फासाठी स्की मधल्या भागात, बुटाखाली, १०५ ते ११५ मिलिमीटर रुंद हवी आणि पुढचं टोक वर वळलेलं. पठारावर नवशिक्यांना देतात त्या ७०-७५ मिलिमीटरच्या स्की अर्ध्या मीटरच्या बर्फात बुडतात, टोक खाली जातं, माणूस पुढे फेकला जातो. लांबी साधारण तुमच्या उंचीइतकी. कडांवर नख फिरवून पाहा: नखाचा थोडा कीस निघाला तर धार आहे. तळ पांढुरका आणि कोरडा दिसला तर वॅक्स (मेण) नाही. अशी स्की कोंगडोरीकडच्या सपाट भागात अडते आणि तुम्ही काठ्या मारत बसता. वॅक्सला फार वेळ लागत नाही, करून मागा.

बूट. स्कीच्या बुटाचा आकडा हा पायाची सेंटिमीटरमधली लांबी असते. पाय २६.५ सेंमी असेल तर २६.५ चाच बूट. आतला मऊ बूट काढून रिकाम्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे एक ते दोन बोटं जागा राहिली की माप बरोबर. दुकानदार ‘मोठा घ्या, थंडी कमी वाजेल’ म्हणेल. ऐकू नका. सैल बुटात टाच उचलली जाते, मग वळण घेताना माणूस बकल आवळतो, रक्त अडतं, आणि पाय उलट जास्त गार पडतो. मोजा एकच, पातळ, पोटरीपर्यंत. दोन जाड मोजे हा आपल्याकडचा ठरलेला उपाय इथे हमखास फोड आणतो.

बाइंडिंग (बूट स्कीला जोडणारी आणि पडताना सुटणारी कळ) दुकानातच आपल्यासमोर लावून घ्यावी. सुटण्याचा ताण वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी आणि स्कीइंगची शैली यांवरून ठरतो. यातलं काही न विचारता स्क्रू फिरवणाऱ्या दुकानातून बाहेर पडा. ताण जास्त असेल तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. कमी असेल तर उतारावर मध्येच सुटते. पुढे-मागे दाब दाखवणारी खूण टाचेच्या भागावर असते, बूट अडकवल्यावर ती ठरलेल्या पट्ट्यात आली पाहिजे. परदेशातून स्वतःचे बूट घेऊन येणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक सूचना: नव्या ग्रिपवॉक (चालायला सोपं जावं म्हणून वक्र केलेल्या) तळाचे बूट जुन्या बाइंडिंगशी जुळत नाहीत. अडकतात, पण नीट सुटत नाहीत. बाइंडिंगवर ग्रिपवॉकची खूण नसेल तर दुकानाचेच बूट घ्या. आणि उतारावर दर वेळी स्की घालण्याआधी तळाला चिकटलेला बर्फ बाइंडिंगवर किंवा काठीने खरवडून काढा. ताज्या बर्फाच्या दिवशी ‘बाइंडिंग खराब आहे’ या तक्रारींचं सर्वांत नेहमीचं कारण हा तळाखालचा गोळा असतो.

कपड्यांत भाड्याचा फरचा कोट बाद. तो पाणी पितो. आत लोकरी किंवा सिंथेटिक थर, सुती काहीही नाही. वर १०,००० मिलिमीटर किंवा जास्त जलरोधकतेचं जॅकेट, ज्याला आतून कमरेचा लवचीक पट्टा असेल, नाहीतर पडल्यावर बर्फ पाठीत जातो. गॉगलच्या दोन काचा हव्यात: ढगाळ हवेला फिकट, एस१ दर्जाची, उन्हाला गडद, एस३. चढताना गॉगल कपाळावर ठेवू नये, डोक्याच्या घामाने आतून धुकं धरतं. आतली बाजू कधीही हातमोज्याने पुसू नये, त्यावरचा लेप निघतो. हातमोज्यांची दुसरी जोडी पिशवीत असावी.

आता प्रत्यक्ष उतरणं. दाबलेल्या बर्फावर शिकलेली सवय म्हणजे बाहेरच्या पायावर सगळं वजन. खोल बर्फात ती एक स्की खाली बुडवते आणि दुसरी वर तरंगवते, पुढे काय होतं ते सांगायला नको. इथे दोन्ही पायांवर जवळजवळ सारखं वजन, स्की एकमेकींजवळ, जणू एकच रुंद फळी. ‘मागे रेल’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो अर्धवट आहे. मागे रेलल्याने दोन वळणांत मांड्या जळायला लागतात आणि स्की वळत नाही. उभं मधोमधच राहायचं, घोटे वाकलेले, फक्त पंजावरचा भार थोडा टाचेकडे. वेग हवा, हळू गेलात की बुडता. म्हणून पहिली दोन वळणं घेण्याआधी थोडं सरळ जाऊ द्या, मग गुडघे वाकवून दाबा आणि बर्फ परत वर ढकलतो त्या क्षणी वळा. लय सापडली की वळण आपोआप येतं, आणि अफरवटच्या कटोऱ्यात सकाळी गुडघाभर कोरड्या बर्फात अशी सलग पंधरा-वीस वळणं घेणं हा आपल्या देशात स्कीइंगमधून मिळणारा सर्वांत मोठा आनंद आहे. नांगरासारखी स्की फाकवून ब्रेक मारणं खोल बर्फात चालत नाही. वेग कमी करायचा तर वळण डोंगराकडे पूर्ण करा.

पडल्यावर उठायला काठ्या फुलीसारख्या आडव्या टाकून त्यांच्या मध्यावर हात टेका, नुसता हात कोपरापर्यंत आत जातो. स्की सुटून गाडली गेली तर पडलेल्या जागेच्या वर शोधायची, खाली नाही, कारण आपण घसरत पुढे येतो आणि स्की मागे राहते. उरलेल्या स्कीच्या शेपटीने उताराला आडव्या रेघा मारत बर्फ चिरत जा. लांब रंगीत फिती बाइंडिंगला बांधून पँटच्या पायात खोचून ठेवल्या तर हे काम मिनिटाचं होतं.

गुलमर्ग ३४ अंश अक्षांशावर आहे, आल्प्सपेक्षा बरंच दक्षिणेला, म्हणून फेब्रुवारीतलं ऊन चटकन लागतं. दुपारनंतर खालच्या, उन्हाच्या बाजूच्या उतारांवर बर्फ जड होतो आणि रात्री गोठून त्यावर कवच धरतं. वरचे फेरे सकाळी, झाडीतले दुपारी, हा क्रम ठेवावा. आणि ३,९५० मीटरवर धाप लागणं साहजिक आहे. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी वर गेल्यावर डोकं ठणकायला लागलं तर खाली या, पाणी प्या, दुसऱ्या दिवशी परत जा.

अजून शिकताय? मग ताज्या बर्फाचा दिवस तुमच्यासाठी नाही, हे आम्ही पूर्ण आपुलकीने सांगतो. खोल बर्फात नवशिक्याच्या स्की अडतात, गुडघे दुखावतात, उत्साह मरतो. दोन दिवस थांबा, पठारावरचे सौम्य उतार तुडवून घट्ट होऊ द्या. शिकायला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग ही संस्था गुलमर्गमध्येच आहे. तिथली शिकवणी शिस्तीची असते, आणि वाटेत भेटणाऱ्या ‘एक तासात स्की शिकवतो’ वाल्यांपेक्षा कितीतरी चांगली. स्थानिक वाटाडे मात्र खरोखर तयारीचे आहेत. याच परिसरातला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लॅलम आणि जायंट स्लॅलम या स्की शर्यतींत उतरला होता. वाटाड्या निवडताना त्याच्याकडे ट्रान्सीव्हर-प्रोब-फावडं आहे का, आणि आजचा इशारा किती आहे, एवढंच विचारा. उत्तर कसं येतं त्यावर निर्णय घ्या.

आमची एकूण मतं: डोंगर आणि बर्फ जगातल्या चांगल्या ठिकाणांच्या तोडीचे. लिफ्ट पुरेशी, पण पर्यायी लिफ्ट कमी असल्याने ती थांबली की दिवसाचा आकार बदलतो. कोंगडोरीहून मेरीज शोल्डरकडे जाणारी खुर्चीलिफ्ट चालू असेल तर थोडा दिलासा. दाबून केलेले उतार मोजके. भाड्याचं साहित्य दुकानागणिक वेगळं. कोंगडोरीच्या टपऱ्यांवरचा राजमा-भात आणि कहवा पोटाला पुरेसा, त्यापलीकडे अपेक्षा ठेवू नका. खोलीत बुखारी (काश्मिरी शेगडी) असेल तर बूट तिच्यापासून हातभर दूर ठेवा, आतले मऊ बूट काढून. जवळ ठेवले तर कवच वाकडं होतं, गार ठेवले तर सकाळी बकल लागत नाहीत.

तंगमर्ग ते गुलमर्ग हे १३ किलोमीटर बर्फ पडल्यावर फक्त साखळ्या लावलेल्या गाड्यांना मोकळे असतात, तेव्हा श्रीनगरहून घेतलेली साधी टॅक्सी तंगमर्गलाच सोडेल. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. विमा घेताना त्यात स्कीइंग, आणि तेही आखलेल्या उताराबाहेरचं, धरलं आहे का ते शब्दशः वाचा. बऱ्याच देशांतर्गत पॉलिसी ते वगळतात. मुक्काम निदान पाच रात्रींचा धरा, म्हणजे वादळाचे दोन दिवस झाडीत आणि नंतरचे दोन वरच्या कटोऱ्यात मिळतील. आणि परतीचं विमान शेवटच्या स्कीइंगच्या दिवशीच ठेवू नका. ज्या बर्फासाठी आलात, त्याच बर्फाने श्रीनगरची उड्डाणं रद्द होतात.